सोबत्याचा रकाना

कुठल्याही समाजाची संस्कृती किती थोर आहे, हे त्या समाजातल्या माणसाला मदत मागायला किती वेळ लागतो यावरून ठरतं. या निकषावर अमेरिकन समाज अगदीच बाल्यावस्थेत आहे. तिथला माणूस तोंड उघडल्यापासून चार सेकंदांत 'जरा मदत करता का' म्हणून मोकळा होतो. जावा बेटावरच्या माणसाला, समोरचा वयानं आणि मानानं मोठा असेल तर, सरासरी अकरा मिनिटं लागतात. मराठी माणसाचं मोजमाप अजून पूर्ण झालेलं नाही, कारण मोजणी सुरू झाल्यापासून अद्याप कुणी विनंतीपर्यंत पोचलेलंच नाही.

हे आकडे श्रीरंग खांबेटे यांचे आहेत, आणि ते त्यांनी कुणाला विचारून नव्हे, तर घड्याळ लावून काढलेले आहेत. (विचारणं त्यांना जमत नाही. पुढचं सगळं प्रकरण त्यातूनच उद्भवलं.)

श्रीरंगराव मूळचे सांगलीचे, वय अठ्ठावन्न. अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या विद्यापीठात ते भाषाविज्ञान शिकवतात, आणि गेली एकोणीस वर्षं 'जावानीज भाषकांच्या नम्र विनंत्यांवर सामाजिक संबंधांचा होणारा परिणाम' या विषयावर संशोधन करतात. सांगलीच्या माणसानं जावाच्या वाटेला का जावं, असा प्रश्न काही लोक विचारतात. खरं तर त्यांनी सुरुवात मराठीनंच केली होती. मंडळाचे दोन गणपती आणि तीन हळदीकुंकू मिळून त्यांनी चाळीस तासांचं रेकॉर्डिंग केलं. त्यात विनंत्या सापडल्या शून्य. 'तसं काही विशेष नाही' दोनशे आठ वेळा सापडलं, 'सहज फोन केला' एकशे चौऱ्याहत्तर वेळा, आणि 'अहो, तुम्हाला उगाच त्रास' हे मोजणं त्यांनी दुसऱ्या गणपतीनंतर सोडून दिलं. त्यांच्या मार्गदर्शकांनी सल्ला दिला की विषय बदला. जावानीज लोक आढेवेढे घेतात खरे, पण शेवटी मागतात तरी.

आणि तो विषय त्यांना लाभला. जावानीजमध्ये बोलण्याच्या पायऱ्याच ठरलेल्या आहेत. बरोबरीच्या किंवा धाकट्या माणसाशी बोलायचं ते 'न्गोको'त, मोठ्या माणसाशी बोलायचं ते 'क्रामा'त. मित्राकडे छत्री मागताना शब्द वेगळे, सासऱ्याकडे मागताना वेगळे, आणि गुरुजींकडे छत्री मागायचीच नाही. त्यांच्यासमोर पावसाविषयी बोलायचं. गुरुजी ओळखतात. मोठ्यांपुढे जीभ जड होते त्या भावनेला ते लोक 'सुंकान' म्हणतात. या एका शब्दावर श्रीरंगरावांनी चौऱ्याऐंशी पानांचं प्रकरण लिहिलं, आणि लिहिताना त्यांना एकही संदर्भग्रंथ उघडावा लागला नाही.

संशोधनाची पद्धत सोपी होती. वीस प्रसंगांची एक प्रश्नावली. त्यातला चौदावा प्रसंग असा: 'तुम्हाला दवाखान्यात नेऊन परत आणायला माणूस हवा आहे. तुम्ही (अ) वरिष्ठांना, (आ) शेजाऱ्यांना, (इ) धाकट्या भावंडाला काय म्हणाल?' दोनशे बारा जावानीज भाषकांनी प्रश्नावली भरली. चौदावा प्रसंग एकानंही कोरा सोडला नाही. या निष्कर्षाबद्दल श्रीरंगरावांना लिस्बनच्या परिषदेत लोकांनी उभं राहून टाळ्या दिल्या होत्या.

गेल्या हिवाळ्यात श्रीरंगरावांना शौचावाटे रक्त गेलं. पहिल्यांदा गेलं तेव्हा त्यांनी घराण्याच्या परंपरेप्रमाणे काहीच केलं नाही. परंपरा जुनी होती. त्यांचे वडील आतड्याच्या कॅन्सरनं एकसष्टाव्या वर्षी गेले, आणि त्याआधी वर्षभर त्यांनी घरात कुणाला काही सांगितलं नव्हतं, 'कशाला उगाच' म्हणून. दुसऱ्यांदा रक्त गेलं तेव्हा श्रीरंगरावांनी बिटाचा रस बंद केला. तिसऱ्यांदा मात्र ते घाबरले, सरळ सरळ घाबरले, आणि डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, भूल देऊन आतड्याची दुर्बिणीनं तपासणी करायची, लवकर करायची.

तपासणीला श्रीरंगराव घाबरत नव्हते. घाबरवलं ते त्यासोबत आलेल्या फॉर्मनं. भुलीतून उठलेल्या माणसानं गाडी चालवायची नाही. बसनं जायचं नाही. टॅक्सी चालणार नाही. सोबत एक सज्ञान माणूस हवा, त्यानं तपासणी संपेपर्यंत इमारतीतच थांबायचं आणि पेशंटला घरापर्यंत पोचवायचं. त्यासाठी फॉर्मवर एक रकाना होता: सोबत येणाऱ्याचं नाव, पेशंटशी नातं, फोन नंबर. रकाना कोरा असेल तर तपासणी होणार नाही.

सांगलीत हा नियम कुणाला समजावूनही सांगता आला नसता. तिथं पेशंटबरोबर नऊ माणसं येतात आणि त्यातली सात बाहेर काढायला दारावर एक माणूस बसवावा लागतो. ॲन आर्बरला मात्र श्रीरंगरावांच्या घरात त्या वेळी माणसं होती एक. पत्नी मालिनीताई आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं म्हणून तीन महिन्यांसाठी सांगलीला गेल्या होत्या, आणि मुलगी सिया देशाच्या दुसऱ्या टोकाला, क्युपर्टिनोला नोकरी करत होती.

मालिनीताईंनी व्हिडिओ कॉलवर प्रश्न चुटकीसरशी सोडवला.

"अरे, कुणाला तरी सांग ना! एवढी माणसं आहेत. फक्त दामल्यांना नको, आपण त्यांना दिवाळीत बोलावलं नाही. आणि पाटणकरांना सांगशील तर पार एडिसनच्या मराठी मंडळापर्यंत बातमी जाईल. मी इथे असताना तू लोकांना त्रास देतोयस असं दिसायला नको रे."

"नाही नाही," श्रीरंगराव म्हणाले. "बघतो मी."

त्यांनी यादी केली. संशोधकाची यादी असल्यामुळे ती शास्त्रशुद्ध होती. एकूण नावं बत्तीस. त्यांतून वयानं मोठे म्हणून सात जण गळाले. ज्यांच्याकडे शेवटचं जेवण आपण जेवलो आणि परतफेडीचं आमंत्रण राहिलं, असे नऊ गळाले. घरात लहान मुलं आहेत म्हणून पाच. एकाला सांगितलं की गावाला कळतं म्हणून सहा. स्वतः डॉक्टर आहेत आणि त्यामुळे नको ते प्रश्न विचारतील म्हणून तीन. एक नाव प्रस्तुत निवेदकाचं होतं, तेही खोडलेलं होतं. (कारण समासात लिहिलेलं होतं, पण अक्षर लागलं नाही. निवेदकानं फार प्रयत्नही केला नाही.) उरला एक. प्रसन्न.

प्रसन्न चाळिशीचा, मोटारीच्या कंपनीत इंजिनियर. श्रीरंगरावांना काका म्हणायचा. श्रीरंगरावांनी त्याला आजवर तीन वेळा डेट्रॉइटच्या विमानतळावर सोडलं होतं, त्यामुळे नियमानुसार तो पात्र ठरत होता. शनिवारी सकाळी बाकरवडीचं पाकीट घेऊन श्रीरंगराव त्याच्याकडे गेले.

"काका! या या. अहो, बाकरवडी कशाला?"

"सहज. इकडून चाललो होतो." (प्रसन्नचं घर रस्त्याच्या बंद टोकाला आहे. तिकडून कुठंही जाता येत नाही.)

ताकाला जाऊन भांडं लपवणं, असा एक वाक्प्रचार आपल्याकडे आहे. श्रीरंगराव त्यात पट्टीचे. त्या दिवशी त्यांनी भांडं असं लपवलं की ताकवाल्याला वाटावं, हा ताक विकायला आलाय. थंडी झाली. हिवाळी टायर झाले. मुलांच्या मराठी शाळेत कोणी जात नाही हे झालं. एक तास दहा मिनिटांनी ते मुद्द्याच्या जवळ आले.

"मग, येत्या गुरुवारी काय, ऑफिस का?"

"गुरुवारी वर्क फ्रॉम होम आहे. का हो काका?"

"काही नाही. मी पण गुरुवारी क्लास ठेवला नाहीये. सकाळी जरा बाहेर पडायचं होतं..."

प्रसन्न खुर्चीतून उठलाच. "काका, यू आर टू गुड यार! तुम्हाला कसं कळलं? गुरुवारी आईबाबा लँड होतायत. आणि नेमकी साडेदहाला माझी मीटिंग, कॅन्सलच होत नाहीये. तुम्हाला विचारणारच होतो, पण फार ऑकवर्ड वाटत होतं. तुम्ही पिकअप कराल का त्यांना?"

"अरे, त्यात काय! जाईन की."

हे वाक्य बोलायला श्रीरंगरावांना एक सेकंद लागला. मराठी माणसाला मागायला कितीही वेळ लागो, हो म्हणायला तो जगातल्या कुठल्याही समाजापेक्षा कमी वेळ घेतो, ही नोंद त्यांनी गाडीत बसल्या बसल्या केली. गुरुवारी ते दवाखान्याऐवजी विमानतळावर होते. प्रसन्नच्या आईवडिलांच्या चार मोठ्या बॅगा त्यांनी स्वतः उचलून डिकीत टाकल्या, आणि त्या उचलताना त्यांना पोटात कळ आली. ती त्यांनी कुणाला सांगितली नाही.

दवाखान्यानं दुसरी तारीख दिली.

या वेळी त्यांनी मराठी समाजाला त्रास द्यायचा नाही असं ठरवलं आणि सुलास्त्रीकडे गेले. सुलास्त्री जावातल्या जोग्जाकर्ताची, पस्तिशीची, विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकणारी. सहा वर्षं श्रीरंगरावांच्या प्रश्नावल्या तीच तपासून द्यायची, आणि तिच्याकडे एक जुनी पण चालणारी गाडी होती. आणि इथं एक चमत्कार घडला. आयुष्यात जे मराठीत कधी जमलं नव्हतं ते श्रीरंगरावांनी जावानीजमध्ये करून दाखवलं. त्यांनी विनंती केली. अस्सल क्रामात, आदराचे सगळे शब्द जागच्या जागी घालून, आधी थंडी, मग तिच्या आईची तब्येत, मग स्वतःचं वय, मग दवाखाना. परीक्षकांनी पूर्ण गुण दिले असते.

सुलास्त्रीनं मान झुकवली आणि म्हणाली, "इंग्गिह, बापाक." म्हणजे, हो.

दुसरा कुणी असता तर आभार मानून घरी गेला असता. पण श्रीरंगराव तज्ज्ञ होते. त्यांच्याच ग्रंथाच्या सातव्या प्रकरणात सिद्ध केलेलं आहे की, वडीलधाऱ्यानं विनंती केली असता जावानीज माणूस देतो तो पहिला होकार केवळ शिष्टाचाराचा असतो. तो खरा धरणं हे असंस्कृतपणाचं लक्षण होय. तेव्हा त्यांनी सुसंस्कृतपणे तिची सुटका केली. म्हणाले, तुमची परीक्षा जवळ आली असेल, राहू दे. सुलास्त्रीला वाटलं, एवढा मोठा माणूस आपल्याशी क्रामात बोलतोय आणि वर मागेही घेतोय, म्हणजे त्यांना आपण सोबत नकोच आहोत. तिनंही सुसंस्कृतपणे माघार घेतली. दोघांनी एकमेकांना वाकून निरोप दिला. सगळ्याला बरोबर अकरा मिनिटं लागली, आणि आपला आकडा अचूक निघाला याचं श्रीरंगरावांना घरी पोचेपर्यंत समाधान होतं. (सुलास्त्रीनं तरीही त्याच दुपारी तपासणीच्या दिवसाची रजा मागून ठेवली होती. हे त्यांना फार उशिरा कळलं.)

दुसरी तारीखही गेली. दवाखान्यातली बाई फोनवर अतिशय गोड आवाजात म्हणाली की, तिसरी तारीख ही शेवटची. या वेळीही सोबत नसेल तर नाव यादीच्या तळाशी जाईल आणि पुढची तारीख पाच महिन्यांनी मिळेल. श्रीरंगरावांनी तिचे आभार मानले. तिला त्रास दिल्याबद्दल दिलगिरीही व्यक्त केली.

पाच महिने. वडिलांनी किती काढले होते, हा हिशेब त्यांनी करायचा नाही असं ठरवलं आणि दिवसातून चार वेळा केला.

तिसऱ्या तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी तीन वाजता त्यांनी पोट साफ करायचं औषध प्यायला सुरुवात केली. प्लॅस्टिकचा मोठा कॅन, चार लिटरचा, दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास. सोबत्याचा रकाना कोरा होता. तरीही औषध प्यायचं कारण विचाराल तर ते आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. काहीतरी होईल, अशी आपली श्रद्धा असते. काय होईल हे आपण ठरवत नाही, कारण ते ठरवायला कुणाला तरी विचारावं लागतं.

चौथ्या ग्लासाच्या वेळी सियाचा फोन आला.

"बाबा, हू इज टेकिंग यू टुमॉरो?"

"बघतोय गं."

"बाबा! जस्ट आस्क समवन. इट्स नॉट अ बिग डील."

"हो हो. तू जेवलीस का?"

तिनं सुस्कारा टाकला. ती अमेरिकेत वाढलेली मुलगी. तिला वाटायचं, विचारणं म्हणजे विचारणं. तिला यातली खोली कळत नव्हती.

साडेचारला दारावरची घंटा वाजली. दारात दादाराव मेश्राम उभे होते, कानटोपी घालून, बुटांना बर्फ चिकटलेला.

दादाराव मूळचे चंद्रपूरचे, पुलांचे इंजिनियर. श्रीरंगरावांच्याच रस्त्यावर चार घरं सोडून अकरा वर्षं राहत होते. बत्तीस जणांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. खोडलेलं नव्हतं, मुळात लिहिलेलंच नव्हतं. तितकी ओळख नाही, असं श्रीरंगराव म्हणाले असते. दर हिवाळ्यात दोघं आपापल्या दारातला बर्फ ओढता ओढता हात हलवायचे. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाचं आमंत्रण दादाराव दरवर्षी स्वतः आणून द्यायचे, आणि श्रीरंगराव ते जपून ठेवायचे. अकरा आमंत्रणं त्यांच्या टेबलाच्या खणात एकावर एक नीट रचलेली होती. जाणं एकदाही झालं नव्हतं. (यामागे काही कारण नव्हतं. ज्या गोष्टींमागे काही कारण नसतं असं आपण हमखास सांगतो, त्यांतली ही एक.)

"प्रोफेसर, शिडी द्या," दादाराव म्हणाले. "छपरावर बर्फ धरलाय, पाणी आत यायला लागलं."

श्रीरंगराव एक संशोधक म्हणून थक्क झाले. प्रस्तावना नाही. तब्येतीची चौकशी नाही. 'त्रास होणार नसेल तर' नाही. आधी मागणी, मग कारण. अशी विनंती त्यांच्या एकोणीस वर्षांच्या नोंदींत कुठंच नव्हती, आणि त्याहून चमत्कारिक म्हणजे त्यांना तिचा अजिबात राग आला नव्हता. उलट शिडी आपल्याकडे आहे याचा त्यांना आनंद झाला.

गॅरेजकडे जायला रस्ता स्वयंपाकघरातून होता. दादाराव ओट्यापाशी थांबले. कॅन पाहिला, ग्लास पाहिला, मग श्रीरंगरावांचा चेहरा पाहिला.

"हे मी पण प्यालोय. दोन वर्षांपूर्वी. उद्या आहे का तुमचं?"

"हो. तसं काही विशेष नाही."

"कोण नेतंय?"

"होईल काहीतरी."

"कोण?"

श्रीरंगरावांनी ग्लास पुन्हा भरला. "अजून ठरलं नाहीये."

"वहिनी इथं नाहीत, हे मला माहीत आहे. गाडी एकच हलते तुमची." दादारावांनी कानटोपी काढली. "मग विचारा ना."

"कुणाला?"

"मी काय शिडीला बोलायला सांगतोय? मला विचारा."

"नाही, तुम्हाला उगाच..."

"हे बघा प्रोफेसर. न विचारता मी येऊ शकतो. पण येणार नाही. तुम्ही विचारायचं." ते खुर्ची ओढून बसले. "माझा आजा मागायचा. साधं पाणी मागायचा. विहिरीपासून लांब उभं राहून, हात जोडून, मान खाली घालून. कुणी येऊन ओंजळीत ओतेपर्यंत तिथंच. तुम्ही त्या विषयावर पुस्तक लिहिलंय म्हणे, नम्र विनंती. त्याला ती पुस्तकाशिवायच येत होती. माझ्या बापानं घरात नियम केला. वाकून कुणाकडे काही मागायचं नाही, आणि मागायला कधी लाजायचं नाही. आता बोला."

श्रीरंगरावांना त्या खणातली आमंत्रणं आठवली आणि खरोखरच लाज वाटली. आपला संकोच म्हणजे आपली सभ्यता, असं ते आजवर समजत होते. ज्याला कधी कुणापुढे हात जोडून उभं राहावं लागलं नाही, त्यालाच मागायची एवढी भीती परवडते, हे त्यांच्या चौऱ्याऐंशी पानांत कुठंही आलेलं नव्हतं.

त्यांनी सुरुवात केली.

"म्हणजे दादाराव, उद्या तुम्हाला काही महत्त्वाचं काम नसेल, आणि असेल तर अगदी मोकळेपणानं सांगा, माझं काही म्हणणं नाही, म्हणजे मी दुसरीकडेही बघू शकतो..."

"दुसरीकडे कुठं?"

"कुठं नाही."

"मग पुढे."

पोटात गुडगुड सुरू झाली होती. भीड भिकेची बहीण म्हणतात. त्या दिवशी औषधानं त्या बहिणीला सासरी धाडलं. हातात मिनिटभर होतं, फार तर दीड. अकरा मिनिटांचा प्रश्नच नव्हता. श्रीरंगराव उभे राहिले, ओट्याला धरून.

"उद्या मला दवाखान्यात न्याल का?"

"किती वाजता?"

"पावणेसात."

"येतो."

श्रीरंगराव पळाले. आत बसल्यावर त्यांना रडू आलं आणि बराच वेळ थांबेना. (औषधाच्या दुष्परिणामांत याचा उल्लेख नाही.) बाहेर दादाराव शिडी ओढत नेत असल्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी फॉर्मवर नाव आलं, दादाराव मेश्राम. नातं या जागी श्रीरंगरावांनी 'शेजारी' असं लिहिलं. अकरा वर्षांत दादारावांसाठी त्यांनी तो शब्द पहिल्यांदा वापरला. तीन तास दादाराव बाहेर बसून कुठल्याशा पुलाचे कागद वाचत होते. आत तीन गाठी सापडल्या. दोन साध्या होत्या. तिसरी काढून झाल्यावर डॉक्टर म्हणाले की, आणखी वर्षभर थांबला असतात तर आज आपण वेगळ्या खोलीत बसून बोललो असतो. वर्षानं पुन्हा तपासणी करायची.

आणि मग बातमी फुटली. मालिनीताईंनी एकीला सांगितलं, तेवढं पुरलं. दोन दिवसांत श्रीरंगरावांना एकतीस फोन आले. आवाज वेगवेगळे होते, वाक्य एकच होतं.

"अहो, सांगायचं नाही का! एक फोन करायचात!"

प्रसन्न तर दुखावलाच. "काका, धिस इज नॉट डन यार. आम्ही काय परके आहोत का?" दामल्यांनी फोनवरच डोळे पुसले. पाटणकर म्हणाले की आम्ही रात्रंदिवस बसलो असतो. प्रस्तुत निवेदकानंही फोन केला, आणि तेच वाक्य त्यानंही म्हटलं, चांगलं भरल्या गळ्यानं. त्या आठवड्यात तो रिकामाच होता.

श्रीरंगरावांनी सगळे फोन वहीत उतरवले, सवय म्हणून. मग त्यांच्या लक्षात आलं की हे वाक्य विनंतीचंही नाही आणि मदतीचंही नाही. ते तक्रारीचं आहे. आजारी माणसानं आमची थोरवी दाखवायची संधी परस्पर घालवली, याबद्दलची तक्रार. तिला मुदत असते: गरज संपल्यावरच ती दाखल करता येते. श्रीरंगरावांनी एकतीसही जणांची माफी मागितली. दर माणशी दोन सेकंद.

जावानीजमध्ये असं काही म्हणतात का, हे त्यांनी सुलास्त्रीला विचारलं. आता ते विचारू शकत होते. रजेची गोष्ट त्यांना तेव्हाच कळली. ती म्हणाली, हो, आमच्याकडेही म्हणतात. बहुतेक वेळा माणूस गेल्यावर, त्याच्या बायकोला.

एवढं वाचून आपल्या मनात आलंच असेल की, काय हा माणूस! मला सांगितलं असतं तर मी गेलो असतो. आपल्या या भावनेची रीतसर नोंद घेण्यात आली आहे, आपण बत्तीसावे. आता एक किरकोळ काम उरतं. खालच्या कोऱ्या जागेत तोच रकाना आहे असं समजा. नवरा, बायको आणि मुलं सोडून एक नाव लिहायचं. निवेदकानं सकाळपासून दोनदा पेन उघडलं आणि दोनदा मिटलं, पण आपलं तसं होणार नाही. आपल्याला नाव लगेच सुचेल. ते लिहिल्यावर, या माणसाला आपण काहीही काम नसताना शेवटचा फोन केव्हा केला होता, ती तारीख फक्त शेजारी घाला.